अळणी शेगडी आणि धुळीएवढं बी

आमच्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात चार शेगड्या होत्या. तीन मिठाच्या आणि एक बिनमिठाची. बिनमिठाची ती माझ्या वहिनीची. सव्वीस वर्षं ती त्या एकाच शेगडीपुढे उभी होती आणि सव्वीस वर्षांत तिच्या भांड्यात मिठाचा कण पडला नव्हता. हृदयाचे, मूत्रपिंडाचे, रक्तदाबाचे असे चाळीस रुग्ण रोज तिच्या वाट्याला यायचे. अख्ख्या इमारतीत तिला 'अळणीबाई' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, कारण त्याला छाती लागते.

मी तिची नणंद. दादाचं लग्न झालं त्या वर्षी मीच तिला इथे चिकटवलं, आणि तेव्हापासून घरी आणि कामावर दोन्हीकडे ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी तिला अगं-तुगं करते, ती मला 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते. हा मान आहे असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर भांडताना जास्त लागावं म्हणून तिने ठेवलेली ती सोय आहे. दादा बिचारा लिफ्ट दुरुस्त करतो. आम्हा दोघींचं वाजलं की तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा गप्प उभा राहतो.

माझं काम जेवणाची गाडी ढकलायचं. भरलेली ताटं वर न्यायची, रिकामी खाली आणायची. रिकामी आपली म्हणायची पद्धत. मिठाच्या गाडीवरची खरंच रिकामी यायची. अळणी गाडीवरची चाळीसांतली पंचवीस तरी जशी गेली तशी परत. सुपावर साय धरलेली, पावाचा एक कोपरा कुरतडलेला, बटाटा चमच्याने उकरून बाजूला सारलेला. ती ताटं मी वहिनीच्या समोरून न नेता मागच्या दाराने न्यायची. ती वळून बघायची नाही. पण किती आली ते तिला पाठमोरीच कळायचं, कारण भरलेल्या ताटांचा आवाज वेगळा येतो.

गेल्या वर्षी नवे अधीक्षक आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. घालायच्याच असतील तर त्यातल्या थोड्या माझ्यासाठी राखून ठेवा. या सगळ्यात एक पराक्रम माझाही आहे.

तर एका सकाळी साहेब स्वयंपाकघरात आले, ओल्या फरशीवर चकचकीत बूट सांभाळत उभे राहिले आणि हातातला कागद वाचल्यासारखं बोलू लागले. अळणी जेवण निम्म्याहून जास्त परत येतं. रुग्ण उपाशी राहतात, अशक्त होतात, जास्त दिवस खाट अडवतात. म्हणून तीन महिन्यांनी बाहेरून बंद डबे सुरू होतील, यंत्रावर बनवलेले. चौथी शेगडी बंद. वहिनीची बदली सोलण-चिरणीच्या खोलीत. त्यात त्यांना वाटलं की आपण जरा मायेने बोलावं, म्हणून म्हणाले की तिथे तुम्हाला बसायला मिळेल.

तिथेच बिनसलं. बदली तिने एक वेळ गिळली असती, पण बसायला मिळेल म्हटल्यावर तिचे कान लाल झाले.

"साहेब, जेवण परत येतं हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे," ती म्हणाली. हातातली पळी तिने खाली ठेवली नव्हती. "डबे आणलेत तर डबेही परत येतील. तीन महिन्यांनी कुठलीही एक दुपार ठरवा. इथे उभं राहून स्वतः मोजा. चाळीसांतली दहा ताटं परत आली तर ही शेगडी मी माझ्या हाताने बंद करीन. दहाच्या आत आली तर ते डबे तुमचे तुम्ही खा."

 साहेबांनी क्षणभर विचार केला आणि चालेल म्हणाले. डबेवाल्याला तसेही तीन महिने हवे होते, त्यांचं काय जाणार होतं?

घरी जाताना मी तिला वाटेत धारेवर धरलं. सव्वीस वर्षं जमलं नाही ते तीन महिन्यांत कसं जमवणार आहेस? लिंबू घालून झालं, आलं घालून झालं, मिरी घालून झाली. ती पावलं झपाझप टाकू लागली, यावरून मी ओळखलं की तिने अजून काहीच ठरवलेलं नाही. सोलण-चिरणीच्या खोलीत खिडकीदेखील नाही. तिथे ही बाई वर्षभरात वाळून जाईल, हे मला त्याच रस्त्यावर स्पष्ट दिसलं आणि मला तिचा फार राग आला. अशी पैज लावायची काय गरज होती?

आता खोली सातमधले आजोबा. सगळं आयुष्य सार्वजनिक बागेत माळी म्हणून घालवलेला माणूस. पाय सुजून तिसऱ्यांदा दाखल झाले होते आणि बरेच दिवस राहणार होते. त्यांचं ताट रोज परत यायचं आणि परत येताना त्यावर एक चिठ्ठी असायची, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली. त्या चिठ्ठ्या मी गाडीवरच फाडून टाकायची. एक दिवस एक हातातून निसटली आणि नेमकी वहिनीच्या पायाशी पडली. लिहिलं होतं, 'हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?'

मी जीव मुठीत धरून उभी राहिले. वहिनीने चिठ्ठी दोनदा वाचली, मागच्या बाजूला काहीतरी खरडलं आणि संध्याकाळच्या ताटात ठेवायला दिली. मी लिफ्टमध्ये वाचली. 'विसळलेल्या पाण्यात इतरांच्या ताटांचं मीठ असतं. ह्यात तेही नाही.'

आजोबा इतके हसले की नर्स धावत आली. दुसऱ्या दिवशी ताट परत आलं ते आलंच, पण चिठ्ठीचा सूर बदललेला होता. 'थाइम घाला. मिठाची आठवण कमी होईल.'

भांडारात विचारलं तर थाइम, म्हणजे ओव्यासारख्या उग्र वासाचं ते बारीक पानांचं झुडूप, यादीत नाही, म्हणून येणार नाही. आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पानं घालायला माझी काही हरकत नाही, पण आणणार कुठून? रोपवाटिकेत दोनच कुंड्या होत्या, तीनेक वर्षांच्या, बुंध्याशी लाकूड झालेल्या. चाळीस ताटांना त्या एका दुपारीही पुरल्या नसत्या. शेवटी आजोबांनीच मुलीकडून घरातलं एक पाकीट मागवलं आणि माझ्या हाती दिलं. मी ते उजेडात धरलं. मला वाटलं रिकामंच आहे. कोपऱ्यात तपकिरी धुळीसारखं काहीतरी होतं, एका फुंकरीत उडून जाईल असं. ते बी होतं.

स्वयंपाकघराच्या मागे बॉयलरची खोली आहे. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये दहा पावलांची एक पट्टी आहे, तिथे मोडक्या खाटांचं लोखंड पडलेलं असायचं. दिवसभर ऊन, आणि बॉयलरची भिंत रात्रीही कोमट. वहिनीने कोणाला न विचारता लोखंड एका बाजूला रचलं, पोचे आलेलं एक मोठं ताट घेतलं, खिळ्याने त्याला भोकं पाडली आणि माती भरून बी पेरलं. मग वर बोटभर माती घातली, हाताने दाबली, ओलं फडकं पसरलं आणि त्यावर एक झाकण ठेवलं. जन्मभर तिने आचेवर ठेवलेली प्रत्येक गोष्ट झाकलेली आहे. तिला दुसरं काही सुचणारच नव्हतं.

तीन आठवडे ती रोज सकाळी झाकण उचलून बघायची, जणू काही शिजतंय. काहीच वर आलं नाही. आजोबांनी मला विचारलं की वर माती किती घातली. मी बोट दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि चिठ्ठी लिहिली ती जवळजवळ पानभर होती. ह्या बियाला अंधार चालत नाही. ते मातीवर नुसतं टेकवायचं, वर काही नको, झाकण तर नकोच नको. पाणी वरून घातलं तर वाहून जातं, म्हणून ताट पाण्यात ठेवायचं आणि मातीला खालून पिऊ द्यायचं. माती भिकार हवी, निम्मी वाळू. आणि शेवटी अधोरेखित करून, 'ह्याला उपाशी ठेवा.'

हे शेवटचं वाचून वहिनी चिडली. तीन आठवडे वाया गेले त्याचं तिला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"उपाशी ठेवा म्हणे. त्यांना सांगा वन्सं, मी ह्या घरात आणि ह्या रुग्णालयात कोणाला उपाशी ठेवलेलं नाही."

पण केलं तिने तसंच. पाकिटात उरलेलं बी वाळूत मिसळलं, कागदाची घडी करून तिच्या चिमटीतून टिचक्या मारत पेरलं, वर काहीही न घालता ताट बॉयलरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. चौदाव्या दिवशी तिने मला हाताला धरून नेलं. मातीवर हिरवी धूळ बसल्यासारखी दिसत होती. खाली वाकून पाहिलं तर प्रत्येक कणाला दोन पानं होती. पन्नाशीची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला कुरकुर करणारी, ती त्या ताटाशी उकिडवी बसली आणि उठेचना.

आता माझा पराक्रम. वहिनीची आठवड्याची सुट्टी होती. मी ताटाकडे बघितलं आणि मला त्या एवढ्याशा पोरांची दया आली. भाज्या उकडलेलं पाणी रोज मोरीत जातं, त्यात सत्त्व असतं असं आपण ऐकतोच. मी ते गार केलं आणि वरून छान भिजवलं, एकदा सकाळी, एकदा दुपारी. सोमवारी वहिनी आली तेव्हा निम्म्याहून जास्त रोपं मानेपाशी बारीक होऊन आडवी झाली होती. तिने आडवी पडलेली रोपं निवडून काढली. दोन दिवस ती माझ्याशी काही बोलली नाही, घरी नाही, कामावर नाही, आणि दादा त्या दोन दिवसांत तीनदा नसलेली लिफ्ट दुरुस्त करायला बाहेर पडला.

मी मोजली. सेहेचाळीस उरली होती. मला इतकी लाज वाटली की मी वॉर्डांमधून औषधाचे वापरलेले छोटे कप गोळा केले, घासले, उकळत्या पाण्यातून काढले, सुईने तळाला भोकं पाडली आणि सेहेचाळीस कप तिच्या पुढ्यात ठेवले. तिने चमच्याच्या दांड्याने एकेक रोप उचललं आणि एकेका कपात लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाली की हा चमचा धुऊन ठेवा. म्हणजे समेट झाला.

ती वाढ म्हणजे चेष्टाच होती. लोकांची मुलं चालायला लागली असती तेवढ्या दिवसांत हे बोटाएवढं. आजोबांना मी रोज बातमी द्यायची आणि ते रोज तेच सांगायचे. वीतभर होईपर्यंत कात्री लावायची नाही. पैजेचं मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. वहिनीची सक्त ताकीद होती की एकाही रुग्णाच्या कानावर हे जायचं नाही. कीव करून खाल्लेलं ताट तिला नको होतं.

आणि साहेबांनी दुपार ठरवली. त्या दिवशी रोपांना बरोबर नऊ आठवडे होणार होते. उंची माझ्या करंगळीएवढी.

दोन दिवस आधी वहिनीने एका रोपाची चार पानं तोडून पळीभर सुपात उकळली. चव घेतली, मला दिली. काही नाही. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस रोपं मुळासकट त्या मोठ्या पातेल्यात घातली असती तरी पातेल्याला पत्ता लागला नसता. ती पातेल्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा उतरलेला मी तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी घरी तिने दादाच्या हातात ताट दिलं आणि दादाने विचारलं की आज कसला छान वास येतोय. गॅस सुटला तरी ज्याला वास येत नाही तो हा माणूस. वहिनीने आपली बोटं हुंगली. सकाळपासून चार वेळा हात धुतले होते, तरी होता. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. चमचा तोंडाशी नेताना बोटं नाकाशी जातात, हे दोघींना एकदमच कळलं.

त्या दुपारी अळणी गाडीवर चाळीस ताटं चढली आणि प्रत्येक ताटात सुपाच्या वाडग्याशेजारी औषधाच्या कपातलं एकेक जिवंत रोप होतं. आहारतज्ज्ञ बाईंच्या अटीप्रमाणे कप बाहेरून पुसलेले, मातीवर कागदाची चकती बसवलेली, आणि रुग्णांनी हात धुतल्याशिवाय ताट द्यायचं नाही असं ठरलेलं. वहिनीने मला एकच वाक्य पाठ करायला लावलं होतं. दोन पानं तोडा, बोटांत चोळा, सुपात टाका. एवढंच की अजून, ते तुम्ही ठरवा.

मी हे वाक्य चाळीस वेळा म्हटलं. आणि चाळीसांतल्या कितीतरी जणांनी मला उलट विचारलं, मी ठरवू? तुम्हीच बघा, कधी उठायचं, कधी झोपायचं, किती पाणी प्यायचं, सगळं ह्या लोकांना दुसऱ्यांनी ठरवून दिलेलं. मीठ काढून घेतलं तेव्हा ताटावरचा त्यांचा हातही काढून घेतला होता, आणि सव्वीस वर्षं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाराव्या खोलीत एक ट्रकचालक होता, पंजा एवढा की कप त्यात दिसेना. त्याने दोन पानं इतकी जपून तोडली की मला हसू आलं. चार दिवस चमचा न उचललेली एक शाळामास्तरीण बोटं चोळून नुसती नाकाशी धरून बसली, मग वाडगा ओढला. ज्याने ज्याने पानं चोळली त्याने आधी बोटं हुंगली. मग खाल्लं.

अर्ध्या तासाने मी ताटं गोळा करायला लागले. साहेब लिफ्टपाशी पेन घेऊन उभे. पहिल्या मजल्यावर दोन परत. दुसऱ्यावर पाच. तिसऱ्यावर दोन. एकूण नऊ. तीस ताटं इतकी स्वच्छ की त्यांचा आवाज माझ्याच कानाला नवा वाटला. एक ताट उरलं होतं, खोली सात. मला वाटलं जिंकलो, कारण आजोबा तर आपलेच.

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताट तसंच. सुपावर साय. कपातल्या रोपाचं एक पान हललेलं नव्हतं.

मी विचारलं काय झालं. ते वळले ते तावातावाने. नऊ आठवड्यांचं रोप, म्हणाले, मी काय सांगितलं होतं? ज्या हातांनी आयुष्यभर रोपं वाढवली त्या हातांनी मी कोवळं रोप तोडू? घेऊन जा ते ताट.

मी ताट घेऊन दाराबाहेर आले. बोळात कोणी नव्हतं. आणि मी तो वाडगा उचलला. हो, पिऊन टाकणार होते. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. दहावं ताट होतं ते, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती बिनखिडकीची खोली होती. वाडगा ओठांना लागला तेवढ्यात जिन्याकडून आवाज आला.

"ठेवा ते खाली, वन्सं. मी चोरून जिंकायला बसलेली नाही."

खोली सातचं ताट खाली येईना म्हणून वहिनीच वर आली होती. एप्रनसकट, तीन मजले जिना चढून. स्वयंपाक्यांनी वॉर्डात यायचं नाही असा नियम आहे आणि सव्वीस वर्षांत तिने तो मोडला नव्हता. मागोमाग साहेब, हातात कागद, तोंडात तो नियम. ती त्यांना वाट न देता सरळ खोली सातमध्ये शिरली, आणि मी ताट घेऊन तिच्या मागे.

तीन महिने ह्या दोघांनी पुठ्ठ्यांवरून एकमेकांना टोमणे मारले होते, पण तोंड पहिल्यांदाच पाहत होती.

"तुम्ही अळणीबाई," आजोबा म्हणाले. तोंडावर म्हणणारा पहिला माणूस.

"आणि तुम्ही विसळलेलं पाणी," ती म्हणाली.

"वीतभर होऊ द्या म्हटलं होतं मी. चाळीस रोपांची कत्तल केलीत."

"दोन-दोन पानं घेतली आहेत. सगळी रोपं जिवंत आहेत. खाणारेही." तिला जिन्याने धाप लागली होती. "तुम्हाला तोडायचं नसेल तर नका तोडू. मी ते सांगायला आलेच नाही. सूप गार झालंय, गरम करून हवं का तेवढं विचारायला आले. नको असेल तर ताट जसं आहे तसं खाली जाईल, आणि साहेब ते मोजतील."

"मोजतील म्हणजे?"

वहिनीने ओठ घट्ट मिटले. पण मी काही तिच्यासारखी नाही. मी सगळं सांगून टाकलं, शेगडी, डबे, दहावं ताट, सोलण-चिरणीची खोली. ती माझ्याकडे अशी बघत होती की घरी गेल्यावर माझं काही खरं नव्हतं. साहेब बुटांकडे बघत उभे होते.

आजोबांनी मला ताट परत खाटेशेजारी ठेवायला लावलं. मग कोपरावर जोर देऊन उठून बसले, मदतीला आलेला माझा हात झटकला. आधी त्यांनी कप उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे ऊन येत होतं तिथे ठेवला. नीट, पानं उजेडाकडे करून. मग ताट मांडीवर ओढलं आणि ते गार, अळणी, साय धरलेलं सूप प्यायला सुरुवात केली. थाइमचं एक पानही न घालता. दर चमच्याला तोंड वाकडं होत होतं. पण थांबले नाहीत. तळाशी आल्यावर पावाने वाडगा पुसला, पाव खाल्ला, बटाटाही संपवला.

"अळणी आहे," ते म्हणाले.

"आहेच," वहिनी म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "हे ताट धरू नका, साहेब. ह्यांनी माझी कीव करून खाल्लंय. दहा झाली."

मला तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण माझ्याआधी आजोबांचा आवाज चढला.

"कीव कोणाची? तुमची? तुमच्यासाठी मी पाण्याचा घोटही घेतला नसता. तुम्ही गेलात त्या खोलीत तर ही चाळीस रोपं मरतील. साहेब पाणी घालणार आहेत का त्यांना? खालून?"

साहेबांनी कागदाकडे बघितलं, खिडकीतल्या कपाकडे बघितलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले की मी परत आलेली ताटं मोजायला आलो होतो, आणि हे ताट काही परत आलेलं नाही. जाता जाता त्यांनी एवढंच बजावलं की औषधाचे कप रुग्णालयाचे आहेत, ते तेवढे गोळा करा.

मी खरंच गोळा करायला गेले. एकाही रुग्णाने कप दिला नाही. ट्रकचालकाने आपला उशीखाली लपवला होता, माती सांडली म्हणून नर्सची बोलणी खाऊन बसला होता. मी हे वहिनीला सांगितलं. तिने साहेबांना निरोप दिला की कप हवे असतील तर वर जाऊन एकेकाच्या हातातून स्वतः सोडवून घ्या. साहेब गेले नाहीत. डबे आले नाहीत.

आजोबांची सूज उतरली आणि ते घरी गेले. जाताना आपला कप त्यांनी माझ्या हाती दिला, वहिनीसाठी. ते रोप आणि कट्ट्यावर राहिलेली सहा अशी सात तिने बॉयलरच्या भिंतीलगतच्या पट्टीत लावली. घरी जाणारे काही रुग्ण आपापले कप खाली आणून देऊ लागले, तशी पट्टी भरत गेली. वहिनी त्यांना अजूनही उपाशी ठेवते आणि अजूनही त्याबद्दल कुरकुरते. माझ्या हातात पाण्याचं भांडं दिसलं की स्वयंपाकघरातून ओरडते.

महिन्याभरापूर्वी आजोबांचं रोप मोजून वीतभर झालं. तिने आपल्या पंजाने मापलं, मग माझ्या पंजाने, मग पुठ्ठ्याचा एक तुकडा शोधला. लोखंड हलवताना तिने कोणाला विचारलं नव्हतं, कप वापरताना विचारलं नव्हतं, वॉर्डात घुसताना विचारलं नव्हतं. पुठ्ठ्यावर तिने लिहिलं, 'वीतभर झालं. आता तोडू का?' मी तो आजोबांच्या घरी नेऊन दिला.

त्यांनी तिथल्या तिथे मागे उत्तर लिहिलं आणि हसत माझ्या हातात ठेवलं. 'एकोणचाळीस तोडताना विचारलं होतं का?'

वहिनीने ते वाचलं, पुठ्ठा एप्रनच्या खिशात घातला आणि कात्री घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली.